कोरडी सरी

वाळलेलं झाड दिसलं की तो चालता चालता थांबायचा, नखानं साल खरवडायचा आणि आतला हिरवा डाग दाखवून म्हणायचा, "जित्तं हाय, मास्तर." डाग नाहीच निघाला, तर "मुळाशी आसंल" म्हणून पुढं चालू लागायचा. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. त्याच्या आशेचाच आपल्याला राग येतो.

कराडजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीतला तो. एका बागायतदाराच्या उसाला दारं धरायचा, म्हणजे पाटाचं पाणी एकेका सरीत सोडायचा. बहात्तरच्या दुष्काळात ऊस जळाला, ते काम गेलं, आणि त्याची बायको दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता उन्हानं पडली ती गेलीच. ओढ्याकाठच्या आमच्या दफनभूमीत, अगदी कडेला, तिला माती दिली.

कितीतरी दिवस तो प्रार्थनेला फिरकला नाही. मग पाऊस झाला आणि उसाच्या जळक्या बुडख्यांतून कोंब वर आले. त्या रविवारी तो साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायला, उभा राहिला. 'पुनरुत्थान' हा शब्द काही केल्या जिभेवर बसेना. शेवटी म्हणाला, "देव माझ्या बायकूचा खोडवा करनार हाय." तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा येतो तो खोडवा. मंडळी पोट धरून हसली. तोही हसला.

तो पुन्हा त्याच बागायतदाराकडे दारं धरू लागला. मालकाचं रान दफनभूमीला लागूनच, त्याचा ट्रॅक्टर दर उन्हाळ्यात दफनभूमीत थोडा पुढं सरकायचा. एका वर्षी तो थेट तिच्या कबरीवरून गेला. आम्ही जाब विचारायला गेलो. मालकानं चहा पाजला आणि म्हणाला, तुमची माणसं तर वर जातात ना, मग खाली जागा कशाला? आम्ही कपबशा ठेवून परत आलो. निम्मी वस्ती त्याच्याच रानात राबत होती, बोलणार काय कपाळ!

तिथंही उसाची लागण झाली. त्यानं सगळं रान भिजवलं, एक सरी कोरडी ठेवली. मालकानं बांधावरूनच कारण विचारलं.

"तितं माझं माणूस निजलंय, मालक. अंगावर पानी कसं सोडू?"

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. ती सरी दुसऱ्यानं भिजवली.

तो लेकीकडे सांगलीला गेला, कुपवाडच्या एका कारखान्यावर राखण करू लागला. इस्टरच्या पहाटे आमची प्रार्थना दफनभूमीत होते, ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या कबरीपाशी उभं राहायचं. तो आला आणि सरळ उसात शिरला. ऊस डोक्याच्या वर गेलेला. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे." आमच्या आधी उसातून उत्तर आलं, "खरंच उठलाय."

बाहेर आला तेव्हा पात्यांनी तोंड चिरलं होतं. म्हणाला, "चांगली सावली हाय तिच्यावर, मास्तर." त्यानं मालकाला माफ केलं होतं. मला आजही जमलेलं नाही.

पावसाळ्यात तो गेला. तिच्याशेजारी माती द्या, एवढंच लेकीला सांगून गेला होता. मी मालकाकडे माणसापुरती जागा मागितली. तो म्हणाला, ऊस तुटू दे, मग बघू. मढं काय हंगामाची वाट बघत बसतं? सांगलीतच माती दिली.

दिवाळीनंतर तो ऊस तुटला, आमच्याच भागातल्या साखर कारखान्यात गेला. नाताळाला बायकोनं त्याच कारखान्याच्या साखरेच्या करंज्या केल्या. मी एक मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

"गोड न्हाई झाल्या?" तिनं विचारलं.

"झाल्यात," मी म्हणालो. "लय गोड झाल्यात."