आईला न आलेला ळ

ळ या अक्षरानं मराठीतला एकही शब्द सुरू होत नाही. वर्णमालेत तो ह च्या नंतर, लग्नाला उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसलेला असतो. फार जुन्या संस्कृतात तो होता, पुढच्या संस्कृतातून गेला. हिंदीचं त्याच्यावाचून अडत नाही, दक्षिणेकडच्या भाषांचं पानही हलत नाही. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. जिभेचं टोक मागे वळवा, टाळूला लावा आणि झटकन खाली सोडा, असं सांगते, आणि मुलं जिभा वळवत एकमेकांना हसत बसतात. आमच्या माहेरी, नाचणगावात, तो कुणाच्या तोंडातच नव्हता, हे मात्र सांगत नाही. आमच्याकडे सकाळ नव्हती, सकाय होती. शाळा ती शाया आणि डोळा तो डोया.

सहावीत असताना वर्ध्याला कविता म्हणायला गेले आणि परीक्षक हसले. माणसं वाईट नव्हती, पण मी धुमसतच घरी आले. आठवडाभर आरशासमोर जीभ वळवत बसले. टाळू हुळहुळा झाला, पण ळ आला. आला तो थेट डोक्यातच गेला. मी मायला आई म्हणू लागले आणि तिचं बोलणं सुधारायला घेतलं. ती पोयी म्हणाली की मी म्हणायचे, पोळी म्हण. ती दोनदा प्रयत्न करायची, हसायची. "माह्या जिभेले नाई जमत तो," म्हणायची आणि पुढची पोळी लाटायची.

पुढच्या वर्षी पुलगावच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. फाटकापाशी आई शायेबद्दल काहीतरी विचारू लागली, तेवढ्यात आमच्या बाई समोरून येताना दिसल्या. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. चांगला घट्ट. तिनं तो हळूच बाजूला केला.

"मी काई बोलत नाई. तू चाल."

आणि ती खरंच बोलली नाही. त्या सभेत नाही, माझ्या लग्नात सासरच्यांसमोर नाही, आणि वडील गेल्यावर माझ्याकडे राहायला आली तेव्हा शेजारणींशीही नाही. नवरा कौतुकानं म्हणायचा, तुझी आई किती शांत आहे. शांत कसली! गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. पण मी त्याला ते कधी सांगितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी चित्रांचा गठ्ठा दिला आणि बजावलं की रोज बसा, जे निघेल ते निघू द्या, फार दिवस गेले तर वाचा परत येणं कठीण आहे. मी रोज बसते. केळ्याचं चित्र धरते. आई चित्राकडे बघते, तिचे ओठ हलतात. मग ती माझ्या तोंडाकडे बघते आणि ओठ मिटून घेते. पाच महिने हेच चाललं आहे.

गेल्या आठवड्यात सिंदीहून मावशी आली. मी आत चहा टाकत होते. मावशी आईला चित्रं दाखवत होती, काय आहे हे, विचारत होती. आणि मग तुटका, ओला आवाज आला. "के... यं."

मी धावत बाहेर आले. मला बघताच आईनं तोंड मिटलं.  मावशी चित्रं गोळा करत म्हणाली, "तुले भेते ते."

मावशी गेल्यावर मी तेच चित्र घेऊन आईसमोर बसले. मी आधी तिच्यासारखं म्हणेन, मग ती म्हणेल, असा माझा हिशेब. पण मेली जीभ आपोआप मागे वळायची. दोनदा केळंच निघालं. स्वतःचीच चीड आली. तिसऱ्यांदा जमलं.

"माय, केयं."

आईनं दाराकडे बघितलं. दार उघडं होतं, जिन्यात शेजारणी बोलत उभ्या होत्या. तिनं डावा हात, तेवढाच आता चालतो, कसाबसा उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. चांगला घट्ट. आणि नाही, नाही, अशी मान हलवत राहिली.

मंगळवारी सराव घेणाऱ्या बाई आल्या. आई काही बोलल्या का, विचारलं. मी नाही म्हटलं.