घागरभर मुक्काम

नाताळच्या सुट्टीत मी जबलपूरला मामांकडे निघालो होतो. गोंदियाहून सुटणारी छोटी गाडी इतकी सावकाश चाले की बैलगाडीवाले आम्हाला "पुढे काही निरोप सांगायचा काय?" असं विचारून पुढे जात. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ तोंड फडक्याने बांधलेली पितळी घागर मांडीवर घेऊन बसले होते. हिसका बसला की आधी घागर सावरत, मग स्वतःला.

"काका, गंगाजल काय?" मी विचारलं.

"आमच्या विहिरीचं पाणी जी. लेकीकडे चाललो. तिले लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी आम्हाले चालत नाही. चिवडा-लाडू पोतंभर आहेत, पण पाणी सरलं का मुक्काम सरला."

तेवढ्यात मिरचीचं भजं माझ्या घशात अडकलं. डोळ्यांतून असं पाणी वाहिलं की त्यावर इंजिन नैनपूरपर्यंत गेलं असतं. काकांनी फडकं सोडून मला दोन लोटे पाजले.

"घ्या. एक दिवस कमी राहीन."

त्यांचा तो दिवस माझ्या घशाखाली उतरला, पण पचेना.

आठवड्याने मामांनी नर्मदेचा धुआंधार धबधबा दाखवायला नेलं. तिथे काठावर तेच काका घागर भरत होते आणि त्यांची लेक दुसऱ्या बाजूने धरून होती.

"काका, अजून इथंच?"

"नर्मदामाई काय जावयाची आहे?" फडकं बांधत ते म्हणाले.

"आता संक्रांत करूनच जातील," लेक म्हणाली.

मी कोसळणारी नर्मदा नजरेनेच मोजली. निदान सात जन्मांचा मुक्काम होता.