पाठ फिरवायला लावणारे सर

चालू असलेली वस्तू पाहून ज्यांचा जीव कासावीस होतो असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि आदिलाबादच्या आमच्या कॉलेजने नेमके त्यांनाच सर्किटं शिकवायला नेमलं होतं. रोज तामसीहून बसने यायचे. बस वाटेत बंद पडत नाही हे त्यांना कसं सोसत होतं कोण जाणे.

आम्ही दुपारभर ब्रेडबोर्डवर वायरी खोचायच्या, कंट्रोलरमध्ये प्रोग्राम भरायचा, दिवा एकदाचा लुकलुकायचा, की मागे सर उभेच. "वा, मस्त चालून राह्यलं," ते अगदी मनापासून म्हणायचे, "आता पाठ फिरव बापा." आपण पाठ फिरवायची, त्यांनी एक वायर उपटायची. दिवा विझला की त्यांचा चेहरा उजळायचा. मग आपल्या हाती मीटर देऊन ते खुर्ची ओढून बसत. अंदाजाने वायर हलवली तर खेकसत, "आदी वीज येऊन राह्यली का ते पाय. मंग पुढं सरक."

वर्गातल्या एका मुलीने धीर करून विचारलं, की बाकीचे सर्किट जोडायला शिकवतात, तुम्ही मोडायला का शिकवता? सर तिच्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाले, "चालणारं सर्किट काय शिकवते माय? ते तर चालून राह्यलं."

विभागाच्या गणपतीची रोषणाईही त्यांच्या प्रेमातून सुटली नाही. ऐन आरतीला अर्धी माळ विझली आणि पाच भावी इंजिनिअर मीटर घेऊन देवाभोवती रांगत राहिले. पुढच्या वर्षीपासून आरतीच्या वेळी विभागप्रमुखांना सरांशी फार महत्त्वाचं बोलायचं असे.

मग वर्षाअखेरची प्रात्यक्षिक परीक्षा आली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नापास झालो तर वर्ष जाणार, आणि वर्ष वाया घालवायची आमच्या घरी पद्धत नाही. बेला गावच्या बाजारात आईच्या शेजारी वांग्यांचं दुसरं पोतं अंथरायचं, हे ठरलेलंच होतं. मी ब्रेडबोर्डवर जोडलेला चौकातला सिग्नल झकास लागत होता. हजेरीची सही करायला मी दारापर्यंत जाऊन आलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बटण दाबलं, तर लाल नाही, हिरवा नाही, काहीच नाही. ते घड्याळ पाहू लागले. मला सरांचा इतका राग आला, की घाबरायचं राहूनच गेलं. निदान परीक्षेत तरी! वीज येते का पाहिलं, पुढे सरकलो, आणखी पुढे सरकलो. वरून धड दिसणारी एक वायर आतून तुटलेली निघाली. ती बदलली आणि हिरवा लागला. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि शेजारच्या टेबलाकडे वळले.

बाहेर पायरीवर सर बसले होते. हातातल्या चहावर साय धरली होती. एरवी मी त्यांच्यासमोर तोंड उघडत नसे, पण तेव्हा म्हणालो, "सर, आज तरी माही वायर सोडाची होती."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मले आत कोन जाऊ देते? सकाळपासून इथंच बसून आहो." मग हळूच विचारलं, "पन सापडलं ना?"

मी मान हलवली. तेव्हा कुठे त्यांनी तो गार चहा तोंडाला लावला.

पुढे त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. ते निर्मल शहराकडे कुठेतरी शिकवतात, असं कळलं. आता लॅबमधले सगळे दिवे सुखाने लागतात. कधी एखादं सर्किट अचानक बंद पडलं, की मला आधी सरांचाच राग येतो. मग ते इथे नाहीत, हे आठवतं.