शीव दिसत नाही म्हणे!

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पाण्याच्या पिंपात तळाशी गाळ बसतो तसे ते आपोआप साचतात, आणि एखाद्या दिवशी पिंप हलले की सारे एकदम वर येते. माझे पिंप परवा हलले. घरी आलेल्या एका पदवीधर पाहुण्याने चहा घेता घेता विचारले, "आक्का, हल्ली इंटरनेटवर नकाशे आयतेच असतात ना? त्यात माणसाला करायचे ते काय?"

आयतेच! मी त्यांना दुसरा चहा दिला नाही.

जुन्नरच्या बाजारपेठेत आमचे घर आहे. त्याच्या भाड्याने दिलेल्या पुढच्या खोलीत सुनंदा कॉम्प्युटरचे क्लास घेते. रविवारी क्लास बंद, त्या दिवशी तिथे तिघांची बैठक. एक स्वतः सुनंदा. दुसरे पानसरे सर, निवृत्त भूगोल शिक्षक. तिसरा माऊली, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचा दुकानदार, ज्याच्या बुडाखालची मोटारसायकल मी कधी थंड झालेली पाहिली नाही. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून करायचा, कुणीही भर घालावी, कुणीही फुकट वापरावा असा एक मोकळा नकाशा होता. त्यात आपले जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके भरायचे व्रत या तिघांनी घेतले होते. त्याचा एक नियम मला फार आवडला. दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवायचे नाही. स्वतः जाऊन पाहिले तेवढेच मांडायचे. आम्ही जुन्या मॅट्रिकच्या. कॉपीचा आम्हाला तिटकारा.

रस्ते झाले, ओढे झाले. मग गावांच्या शिवा घालायला घेतल्या, आणि माझ्या संतापाला सुट्टी अशी उरलीच नाही.

*

पहिली शीव महाळुंगे पडवळची. माऊली जीपीएसचे यंत्र खिशात घालून गेला आणि दुपारच्या आत परतला.

"झालं बी, आक्का! अख्ख्या गावाला येढा मारला."

मी चष्मा लावून स्क्रीनकडे पाहिले. शीव मोठी देखणी होती. डांबरी रस्त्याने निघाली होती, डांबरी रस्त्यानेच वळली होती आणि पुन्हा डांबरी रस्त्याला येऊन मिळाली होती. पलीकडचे मळेच्या मळे शेजारच्या गावाला दान!

"माऊली, गावाची शीव डांबरी रस्त्याने जाते असे तुला कुणी सांगितले?"

"न्हाई, पर आक्का, गाडी उसातनं कशी घालायची?"

"म्हणजे शिवेने तुझ्या गाडीच्या सोयीने जायचे?"

"तसं न्हाई, पर गाडीबी नवी हाय ना!"

त्याला मी पुन्हा पाठवला. पायी!

*

पिंपळवंडीच्या वेळी तो शहाणा झाला होता. बांधाबांधाने चालला. रेषा इतकी नेटकी आली की पानसरे सर म्हणाले, "शाब्बास! मापून काढल्यासारखी आहे." मीही कौतुक करणार होते, तेवढ्यात दक्षिणेच्या अंगाला माझी नजर अडली. शीव सरळ चालता चालता एकाएकी शेजारच्या गावात शिरली होती. तिथे तिने चांगला सुतळीच्या गुंड्यासारखा गुंता केला होता आणि मग आल्या वाटेने परतली होती.

"हे नाक कसले?" मी विचारले.

माऊली खाली पाहू लागला. सुनंदाने पदराआड हसू दाबले.

"सासरवाडी हाय," तो म्हणाला. "शिवंला लागूनच हाय. सासूबाईंनी बांधावरनं हाळी दिली. यंत्र बंद करायचं ऱ्हायलं."

"आणि हा गुंता?"

"मेव्हण्यानं नवा गोठा बांधलाय. त्यो दावत व्हता."

आता सांगा! जगाच्या नकाशात एका गावाची हद्द, आणि तिला पाहुणचाराचे नाक! कुणी जपानमध्ये बसून पाहिले असते तर काय समजला असता?

*

पुढच्या दोन गावांची नावे मी सांगणार नाही. दोन्हीकडे माझे नातलग आहेत.

या दोन गावांच्या मध्ये एक देऊळ आहे आणि देवळाशेजारून एक रस्ता जातो. पानसरे सरांनी पद्धतशीरपणे दोन्ही गावांच्या जाणत्यांना देवळापाशी बोलावले. त्यांनी विचारले, "देऊळ कुणाच्या हद्दीत?"

"आमच्या!" दोन्हीकडून एकदम उत्तर आले.

"बरे, आणि हा रस्ता?"

रस्त्यात असे खड्डे होते की एका खड्ड्यात शेळी बसली होती आणि तिचे फक्त कान दिसत होते. जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"रस्ता त्यांचा," एक म्हणाले.

"छ्या! त्यो तर पयल्यापासनं तुमचाच की, राव!" दुसरे म्हणाले. "आमी कवा त्याच्यावर हक्क सांगितला?"

पिढ्यान्‌पिढ्या बांधावरून डोकी फोडणारी ही माणसे त्या दिवशी इतकी उदार झाली की मला घरी बसून ते ऐकताना राग आवरेना. देव दोघांचा आणि खड्डे बेवारशी! सरांनी दमून मला विचारले, "आक्का, नकाशात दाखवू तरी काय?"

मी म्हटले, "शेळी दाखवा. निदान ती तरी तिथे खरोखर बसते आहे!"

*

यानंतरची गोष्ट हसण्याची नाही.

सुनंदाच्या स्वतःच्या गावाची शीव पानसरे सरांनी घातली. मोठ्या उत्साहाने त्यांनी ती स्क्रीनवर आणली. सुनंदा स्क्रीनजवळ वाकली.

"सर, आमची वस्ती कुठंय?"

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. बौद्धवस्ती रेषेच्या बाहेर होती. शाळा आत, वडाचा पार आत, ग्रामपंचायत आत, आणि सुनंदाचे घर बाहेर!

"गावातल्या वडीलधाऱ्यांनी दाखवले तसे मी चाललो," सर पुटपुटले. "ते म्हणाले, गाव इथपर्यंत."

"निवडणुकीला तर ते आमच्या दारापर्यंत येतात, सर. तेव्हा गाव लांबतं का?"

मला राहवले नाही. "सर, तुम्ही भूगोल शिकवलात ना? वेस वेगळी, शीव वेगळी. वेस घरांना असते, शीव जमिनीला. ज्यांना आपण वेशीबाहेर ठेवले, त्यांना शिवेबाहेरही काढायचे? आणि विचारले कुणाला, तर वेशीच्या आत बसलेल्यांना!"

सर खजील झाले. माणूस मनाचा वाईट नव्हता; पण चांगल्या माणसांनी न विचारता केलेल्या चुका निस्तरायला जास्त वेळ लागतो. "मी उद्या पुन्हा जातो," ते म्हणाले.

"नको," सुनंदाने यंत्र उचलून पर्समध्ये टाकले. "ह्या वेळी मी चालते. आईला बरोबर घेईन. आमची माणसं त्या कडेकडेनंच चालत आलीत आजवर. त्यांना चांगलं ठाऊक आहे कुठपर्यंत आहे ते."

तिची रेषा आजही तशीच आहे. तिला बोट लावण्याची कुणाची छाती झाली नाही.

*

आता माझे स्वतःचे.

माझे माहेर आंबेगाव. म्हणजे मूळचे आंबेगाव, ज्याच्या नावाने तालुका मिरवतो ते. नव्वदच्या दशकात धरणाचे पाणी चढत गेले आणि गाव खाली गेले. माणसे पुनर्वसनाच्या वसाहतीत गेली, कचेऱ्या पूर्वीपासून घोडेगावातच होत्या. तालुक्याचे नाव उरले. ते मात्र पाण्याला पुसता आले नाही.

मी या तिघांना म्हटले, "इतक्या गावांच्या शिवा घातल्यात. आता आंबेगावची घाला."

सरांनी घसा साफ केला. "आक्का, तिथे गाव नाही."

"गाव नाही हे मला सांगता? शीव आहे की नाही, एवढे बोला. पाणी वर आले म्हणून खालची जमीन काय निघून गेली?"

मी सांगितले तशी त्यांनी घातली. माझ्याकडून मिळणाऱ्या चहाकडे पाहून घातली असेल, पण घातली. निळ्या पाण्यावरून जाणारी ती बारीक रेषा पाहून मला किती बरे वाटले, ते सांगत नाही.

पुढच्या रविवारी रेषा गायब!

हा नकाशा कुणालाही सुधारता येतो ना, त्याचा प्रसाद. दूर परदेशी बसलेल्या कुण्या सभासदाने ती खोडली होती. वर इंग्रजीत निरोप: ही हद्द जलाशयातून जाते, चूक वाटते. सुनंदाने पुन्हा घातली. त्याने पुन्हा खोडली. या वेळी निरोप असा, की प्रत्यक्ष जागेवर दिसते तेच नकाशात घ्यावे हा आपला नियम आहे.

माझाच आवडता नियम, आणि तो माझ्याच माहेरावर! आम्ही त्या सभासदाचे नाव खोडरबर ठेवले.

माऊली म्हणाला, "आक्का, जाऊ द्या. पाण्यात काय दिसनार हाय?"

"जाऊ द्या म्हणूनच तर इतके गेले!" मी म्हटले. "गाडी काढ. मी येते."

*

मे महिना होता. पाणी बरेच उतरले होते. माऊलीने भावाची जीप आणली. जुना रस्ता जिथे सरळ पाण्यात शिरतो, त्याच्या थोडे अलीकडे शेंदूर लावलेला एक दगड आहे. मी बोट दाखवले, "ही शीव."

सर अदबीने म्हणाले, "आक्का, दगड आहे हे मान्य. पण तो शिवेचाच कशावरून? तो खोडरबर हेच विचारील."

एखाद्याने मला माझ्याच नावाचा पुरावा मागावा तसे वाटले. मी तशीच उन्हात उभी राहिले.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. वऱ्हाडाचा टेम्पो, त्यापुढे नवरदेवाची सजवलेली गाडी, आणि सर्वांच्या पुढे एका रिक्षात हातात ताट घेतलेली एक म्हातारी. मी ओळखले. आमच्या आळीतली ठमाबाई. आता वसाहतीत राहते. नवरी तिची नात.

नवरदेवाचा मामा गाडीतूनच ओरडला, "अवं मावशी, हॉल तर तिकडं म्हागं ऱ्हायला! हितं कुठं आनलं? हितं नुस्तं पानी हाय!"

"पानी नंतर आलं, पावणं," ठमाबाई रिक्षातून उतरत म्हणाली. "शीव आधीची हाय. नवरदेवाला उतरवा. शिवंवर पुजायचा अस्तो त्याला."

"लई ऊन हाय, मावशी! हॉलच्या दारात पुजा की. आता समदे तसंच करत्यात."

"समदे करू द्या."

"आन न्हाई उतरला तर?"

"तर हितनंच गाडी म्हागारी फिरवा. शीव पुजल्याबिगर आंबेगावची पोरगी न्हाई मिळत."

मामा हसला. मग ठमाबाईकडे नीट पाहून हसायचा थांबला. नवरदेव उतरला. सूट, टाय, काळा चष्मा, सगळ्यांसह उतरला. त्याच्यामागे सारे वऱ्हाड उतरले, बँडवालेसुद्धा.

पाय धुवायची वेळ आली. ताटात हळद होती, कुंकू होते, नारळ होता, तांब्या रिकामा.

मामाला संधी मिळाली. "घ्या! पानीच आनलं न्हाई!"

ठमाबाई तांब्या घेऊन पाण्याच्या कडेला गेली, वाकली, भरून घेऊन आली.

"गावात एवढं पानी अस्ताना," ती म्हणाली, "घरनं कशाला आनायचं?"

कुणी हसले नाही. माऊलीने गुपचूप यंत्राचे बटण दाबून ती जागा नोंदवली.

रविवारी सुनंदाने शीव पुन्हा घातली. संध्याकाळच्या आत खोडरबर हजर! पण या वेळी त्याने रेषा खोडली नव्हती. फक्त विचारले होते की, या ठिकाणी जमिनीवर नेमके काय दिसते ते कृपया कळवावे.

पानसरे सर लांबलचक मजकूर सांगू लागले. सुनंदाने कीबोर्डवरचे हात उचलले आणि माझ्याकडे पाहिले.

"आक्का, काय लिहू?"

मी म्हटले, "लिही. इथे नवरदेवाला गाडीतून उतरावे लागते."