बाईंच्या मातीला मी उभी राहिले

आमच्या चर्चचे पाळकसाहेब त्या दिवशी वेळेवर पोचले नाहीत, ते बरंच झालं.

आज सरलाबाईंना जाऊन वर्ष झालं. नळदुर्गच्या रिटायर्ड शिक्षिका. शाळा सुटली, पण शिकवायची खोड सुटली नाही, म्हणून मंडळीतल्या आम्हा बायकांना धरलं.

दर गुरुवारी त्यांच्या ओसरीत महिला मंडळ. प्रत्येकीनं आळीपाळीनं उभं राहून प्रार्थना चालवायची, संदेश द्यायचा. सुटका नाही.

माझी पहिली पाळी. डोळे मिटले, हात जोडले. "हे प्रभू, आम्ही अडाणी बाया..."

"थांब!"

भर प्रार्थनेत बाईंचा आवाज!

"दहावी झालीस न्हवं? मग देवाला खोटं कशाला सांगतीस? पुन्हा सुरू कर."

सगळ्या जणी पदराआड हसत होत्या. मी पुन्हा सुरू केलं.

पुढं बाहेरून बारावी आणि बी.ए. करायला लावलं. मग दोन वर्षांचा बायबल कोर्स. आमचे मिस्टर कुरकुरले, "घरचं कोण बघणार?" बाई थेट घरी हजर.

"जावईबापू, भाकरी थापता येती का? न्हाय? मग शिका. ती बी शिकतीयच की."

शिकले बिचारे. भाकरी जरा जाड होते, पण फुगते.

आणि मग बाई गेल्या. मरणाचं ऊन, कबर खणून तयार, आणि पाळकसाहेब तुळजापूरजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलेले. नंतर तर फोनच लागेना.

आमच्या मंडळीचे पंच योसेफकाका म्हणाले, "उद्या करू. बाईमाणसानं दफनाची उपासना घ्यायची आपल्यात रीत न्हाय."

उद्या? अशा उन्हात? बाईंना?

खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी रागच आला.

"काका, उपासना मी घेते," म्हटलं आणि बायबल उघडलं. मंडळातल्या पाच जणी येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. काका बाजूला झाले.

शास्त्रभाग वाचला. संदेश दिला. प्रार्थना केली. आवाज एकदाही कापला नाही. मातीची पहिली मूठ मीच टाकली.

परत निघताना काकांच्या म्हाताऱ्या आईनं माझा हात घट्ट धरला आणि लेकाच्या तोंडावरच म्हणाली, "माज्या येळंला बी तूच यायचं, बाई. ह्याला इचारायचं न्हाय."

प्रभूजवळ सुखात राहा, बाई. मंडळातल्या सगळ्या जणींचा जय ख्रिस्त.