वरच्या मजल्यावरचा वारसा

इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या जुन्या पबमध्ये शिरताना तुळईखाली वाकावं लागलं. इतिहासाला नमस्कार केल्याशिवाय तिथे बिअर मिळत नसावी. कोपऱ्यातल्या अरुंद, गोल जिन्याचं मी कौतुक करत होतो, तेवढ्यात वर काठी आपटली आणि तुळईवरची धूळ माझ्या ग्लासात पडली.

"माझा नवरा," मालकीणबाई म्हणाल्या. "गुडघे गेल्यापासून वरच असतो. जिना बदलायला परवानगी नाही. वारसा आहे ना!"

"उचलून आणलं तर?"

"वळणावर अडकेल."

जुन्या घराचा खिळाही हलवायचा नाही, असा कायदा. त्यात माणूसही आलाच. बाई भरलेला ग्लास घेऊन निघाल्या. जिन्यात एक पाहुणा फोटो काढत होता.

"सरका जरा," त्या म्हणाल्या, "वारशाला तहान लागलीय."