ओहोटीची टाइमशीट

बोईसरच्या आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, त्या दिवशी हुकूमच निघाला... चपला-बूट बाहेर काढूनच आत यायचं. खोलीला एसी, दाराला पडदा, यंत्राला हळद-कुंकू. देव्हाऱ्याला नसेल एवढं सोवळं.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. कंपनी बांधकामाची, कामं बहुतेक एमआयडीसीतल्या शेडची. मी ऑपरेटर म्हणून नुकतीच लागले होते... मूळची सांगलीकडची, वडिलांच्या नोकरीमुळे इकडे आलेली. समुद्र म्हणजे रविवारी भेळ खायला जायची जागा, इतकीच आमची ओळख.

त्याआधी मजुरांची हजेरी एका कपाटात असायची आणि कामाचं अंदाजपत्रक दुसऱ्यात. दोघांची गाठ पडायची ती काम संपल्यावर, आणि तेव्हा नुसता कपाळाला हात लावायचा. नव्या प्रोग्राममध्ये मात्र आज कोण किती तास कुठल्या कामावर होतं ते भरलं, की त्या कामाच्या बजेटमधून तेवढे तास लगेच वजा... शनिवारी पडद्यावर सगळं समोर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंडात बोटच घातलं.

आणि एका शनिवारी ‘दांडी धक्का, पाया’ ही ओळ बजेटच्या पार बाहेर गेलेली दिसली.

दांडी म्हणजे तारापूरच्या किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. तिथल्या खाडीच्या तोंडाशी होड्या लावायला छोटा धक्का बांधायचं काम आम्हाला मिळालं होतं, आणि पायाला गावातलीच टोळी होती. मुकादम जनार्दनतात्या. हे काम त्यांनी मागून घेतलं होतं... धक्क्याला होड्या त्यांच्या गावाच्या लागणार, मग तो परक्या हातांनी का बांधायचा?

पण त्यांच्या टाइमशीटचा काही मेळच लागेना. आज पहाटे सुरुवात, चार दिवसांनी उन्हं वर आल्यावर, कधी थेट संध्याकाळी. प्रोग्रामला पाळी ठाऊक एकच, आठ ते पाच... त्याबाहेरचा तास तो जादा धरायचा आणि बजेटमधून दुप्पट कापायचा.

आमचे साहेब नुकतेच पुण्याहून बदलून आलेले. जादा तासांसाठी ही माणसं मुद्दाम अवेळी हजेरी लावतात, असं त्यांचं मत झालं. सोमवारपासून दुसरी टोळी आणायची ठरली. तात्यांना दाखवायला महिन्याभराच्या वेळा एका कागदावर छापून दे, असं मला सांगितलं.

मी एका दिवसाला एक ओळ धरली. ज्या तासाला काम, तिथे एक फुली. आधी शेडवरच्या टोळ्यांचा कागद काढून बघितला... आठ ते पाच, भिंतीसारखा सरळ. मग दांडीचा लावला.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत एकेक ओळ काढत होता. फुल्या पहाटेपासून निघाल्या, दुसऱ्या ओळीत जरा उजवीकडे सरकल्या, तिसऱ्या ओळीत आणखी जरा... मला वाटलं, कागद घसरतोय. पण तो उतार तसाच संध्याकाळपर्यंत गेला, आणि पंधरवड्याने पुन्हा पहाटेपासून तसाच सुरू झाला.

खोटी हजेरी लावणारा माणूस एवढी सुंदर रेघ काढेल कशी?

तात्यांना बोलावलेलं होतंच. चपला काढून ते आत आले. साहेबांनी कागद पुढे केला, तसं त्यांनी त्या तिरप्या रेघेवरून सावकाश बोट फिरवलं.

“ही आमची ओहोटी हाय,” ते म्हणाले. “पानी हटलं का आमी उतरतो. रोज पाऊन तास उशिरा हटतं.”

मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं, “बाय, ह्या मशिनीनं दर्या बगलाय काय?”

कुठला बघतोय... तो त्या खोलीबाहेर कधी गेला नव्हता. आम्ही त्याला फक्त माणसांचे तास भरवले होते. भरती-ओहोटी असते हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं, पण तिची वेळ रोज सरकते हे आम्हा देशावरच्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. पहिली रेघ सुरू होत होती त्या तारखेला पौर्णिमा. दुसरी सुरू होत होती तिथे अमावस्या.

येत्या सोमवारी पुन्हा पौर्णिमा होती. नव्या टोळीला थांबवून साहेब त्या पहाटे जीपने दांडीला निघाले, मलाही घेतलं.

पाणी इतकं लांब गेलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. समोर समुद्रावर चंद्र टेकलेला, पाठीमागे सुरूच्या झाडांवर नुकतं उजाडत होतं, आणि मधल्या चिखलात आमचा पाया उघडा पडलेला. तात्यांची माणसं न बोलता भराभर कामाला लागली होती, कारण पाणी परत येणार होतं. कागदावरची पहिली फुली माझ्या डोळ्यांसमोर चालली होती.

साहेब काठावर बघत राहिले. मग त्यांनी बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि चिखल तुडवत तात्यांपर्यंत गेले. इथे तसा हुकूम कोणी काढला नव्हता.

“उद्या किती वाजता?” त्यांनी विचारलं.

“पाऊन तास उशिरा,” तात्या म्हणाले.

पुढे प्रोग्राममध्ये दांडीपुरती पाळी रोज बदलायची सोय करून घेतली. पायाचे तास बजेटमध्ये बसले, आणि धक्का तात्यांच्याच टोळीने पुरा केला.

परवा दांडीला गेले होते. त्याच धक्क्याला होड्या लागल्या होत्या, पाणी हळूहळू हटत होतं... मी टोकाशी जाऊन बसले. तो चंद्र महिनाभर आमच्या हजेरीत येऊन जात होता, आणि आम्ही त्याला जादा तास म्हणत होतो.